भारत जोडो १९८५ : बाबा आमटे आणि शंभर सायकली



बाबा आमटे यांच्यावरची भाषणं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी बसवून घेतली आहेत. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट. कुष्ठरुग्णांची सेवा. आनंदवन. मॅगसेसे पुरस्कार. आणि शेवटी शेवटी एक वाक्य येतं, की त्यांनी भारत जोडो अभियान काढलं. मूल ते वाक्य एका दमात म्हणतं, टाळ्या होतात, परिपाठ संपतो. त्या एका वाक्यात शंभराहून जास्त सायकली आहेत, हे मुलांना तर सोडाच, आपल्यापैकी पुष्कळांनाही माहीत नसतं. आता तर भारत जोडो म्हटलं की २०२२ सालची पदयात्रा आठवते. ती वेगळी. मी सांगतेय ती १९८५ सालची, सायकलवरची. दोन्ही कन्याकुमारीहूनच निघाल्या, त्यामुळे घोळ होतो.

आजचा पाठ त्या सायकल प्रवासाच्या सुरुवातीच्या दिवसांवर आहे. पण बाबा कन्याकुमारीला कसे जाऊन पोचले हे सांगितल्याशिवाय ते दिवस कळणार नाहीत. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

मुरलीधर देवीदास आमटे. बाबा हे नाव काही लोकांनी पुढे आदराने दिलेलं नाही, घरात लहानपणापासूनच त्यांना बाबा म्हणत. वर्गात हे आवर्जून सांगा, मुलांना फार गंमत वाटते. घर जमीनदाराचं. वरोऱ्याजवळ गोरजा इथे मोठी शेती. चौदा वर्षांच्या वयात हातात स्वतःची बंदूक. शिक्षण आपल्या नागपुरात, आधी मिशनच्या शाळेत आणि मग कॉलेजात. डॉक्टर व्हायचं होतं, वडिलांनी वकील व्हायला लावलं. सिनेमाचं भयंकर वेड, इंग्रजी नियतकालिकात चित्रपटांची परीक्षणं लिहायचे, हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार होता. आणि चालवायला सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. १९३० च्या दशकातल्या विदर्भाच्या रस्त्यांवर ही गाडी धुरळा उडवत जाताना कशी दिसत असेल, मुलांना चित्र काढायला सांगा.

ही गाडी लक्षात ठेवा. पुढे ती सुटणार आहे.

पुढे वरोऱ्याला वकिली केली. सेवाग्राम जवळच होतं, गांधीजींचा प्रभाव पडला, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास झाला. एकदा रेल्वेत काही इंग्रज सैनिक एका नवविवाहितेची छेड काढत होते. डबा भरलेला होता, सगळे गप्प. हा एकटा माणूस त्यांच्या अंगावर गेला, मार खाल्ला, पण मागे हटला नाही. गांधीजींना हे कळल्यावर त्यांनी त्यांना अभयसाधक म्हटलं. अभयसाधक, म्हणजे भय नसलेल्या अवस्थेची साधना करणारा. मोठी पदवी होती.

आणि मग या निर्भय माणसाला भीती वाटली. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून ते स्वतः मैला उचलायला जात. अशाच एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला त्यांना काहीतरी हलताना दिसलं. तो माणूस होता. तुळशीराम नाव. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा तिथून पळाले. घरी आले, पण स्वस्थ बसवेना. सैनिकांच्या अंगावर धावून जाणारे आपण एका मरणाऱ्या माणसाला पाहून पळालो, हे त्यांच्या मनातून जाईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही.

मला वाटतं, आपण बाबांची गोष्ट सांगताना सेवा या शब्दावर फार जोर देतो आणि भीतीचा भाग वगळतो. मुलांना सेवा लवकर समजत नाही, भीती मात्र लगेच समजते. तुळशीरामच्या प्रसंगानंतर बाबांचं सगळं काम पाहिलं तर ते रोगाशी जितकं लढले तितकंच रोगाच्या भीतीशी लढले. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. संशोधनासाठी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, साप-विंचवांच्या माळावर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालं. साधनाताई म्हणजे आपल्या नागपूरच्या घुले घराण्यातली इंदू. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा. लिहीन.

आनंदवनात विहिरी खोदल्या, भाजी पिकली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती कोण घेणार? कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी, दूध घ्यायला लोक घाबरत. मग एक वेगळीच घटना घडली. १९५३-५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. विटा वाहिल्या, भिंती बांधल्या, आणि तिथलंच अन्न खाल्लं. गोरी माणसं ती भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं. हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. भाषण देऊन जी भीती गेली नाही ती एकत्र जेवल्याने गेली. बाहेरून आलेल्या तरुणांनी काही दिवस एकत्र राहायचं, हातांनी काम करायचं, एका पंगतीत जेवायचं, हा प्रकार बाबांच्या मनात तिथून रुजला असावा, असं मी समजते.

कारण पुढे तेच त्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं. १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू झाला आणि तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिना! चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. त्या उन्हात राज्यभरातून मुलंमुली येत, सकाळी कुदळ-फावडं घेऊन बांध घालत, दुपारी-संध्याकाळी चर्चा, रात्री गाणी. आजही ही छावणी भरते. आपल्या ओळखीतला एखादा काका किंवा मावशी सोमनाथला जाऊन आलेली निघते, विचारून पाहा.

म्हणजे भारत जोडो ही काही अचानक सुचलेली मिरवणूक नव्हती. सोमनाथची छावणीच चाकांवर बसवून देशभर फिरवायची, असं ते होतं.

आता १९८४-८५ चा काळ. मोठ्या वर्गांना हा थोडक्यात सांगावा लागेल. पंजाब पेटलेला होता. ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर दिल्लीत व इतरत्र शीख बांधवांची कत्तल झाली. आसामात अनेक वर्षं आंदोलन चाललं होतं. आपल्याच देशातला दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या पगडीचा माणूस दिसला की लोक दचकू लागले. बाबांना ती भीती ओळखीची वाटली असणार. वरोऱ्याच्या बाजारात भाजीला हात न लावणारी भीती आणि ही भीती, जात एकच.

बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्यांच्या पाठीच्या कण्याचा आजार इतका बळावला होता की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं, मधलं काही नाही. शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तरी खुर्चीत बसून जेवणंसुद्धा शक्य नव्हतं. वर्गात मुलांना एक मिनिट उभं करा आणि सांगा, आता आजच्या दिवसात तुम्हाला बसायची परवानगी नाही. पाच मिनिटांत बाकावर टेकतात. असा माणूस ठरवतो की आपण कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत जायचं, आणि सोबतच्या तरुणांनी सायकलवरून यायचं. बाबांच्या गाडीत त्यांच्यासाठी झोपायची सोय केलेली होती. आडवं पडून त्यांनी हा प्रवास केला.

काही ठिकाणी बाबा कन्याकुमारी ते काश्मीर चालत गेले असं छापलेलं सापडतं, इंटरनेटवर तर हमखास. ते चूक आहे. कृपया मुलांच्या भाषणातून ते वाक्य काढा. खरी गोष्ट त्याहून अवघड आहे, बदलायची गरजच नाही.

सायकलच का? बस करता आली असती, रेल्वे होतीच. पण बसमधून येणारा पाहुणा खिडकीच्या आतून गाव बघतो. पायी चालायचं तर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला फार काळ जातो, आणि ही कॉलेजातली, नोकरीतली मुलं होती. सायकल मधली. ती इतकी हळू जाते की रस्त्याच्या कडेचा माणूस हाक मारू शकतो, आणि थांबायला फक्त पाय टेकवावा लागतो. सायकलवरून आलेल्या माणसाला काच नसते, दार नसतं. घाम आलेला असतो, तहान लागलेली असते. तो पाणी मागतो. ज्याच्याकडे आपण पाणी मागतो त्याला आपली भीती वाटत नाही. बिबट्याच्या कातड्याच्या सीटवर बसून वरोऱ्याच्या रस्त्याने धुरळा उडवत जाणाऱ्या त्या तरुण वकिलाला हा फरक इतर कुणाहीपेक्षा जास्त कळला असेल.

२४ डिसेंबर १९८५. हा दिवस ठरवून निवडलेला होता. ती साने गुरुजींची जयंती. गुरुजी आपल्याला श्यामची आईमुळे माहीत असतात, पण भारतातल्या सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांकडे राहायला जावं, असं आंतरभारतीचं स्वप्न त्यांनी पाहिलं होतं. १९५० मध्ये गुरुजी गेले. पस्तीस वर्षांनी त्यांच्या जयंतीला, जिथे जमीन संपते तिथून, शंभराहून जास्त तरुण उत्तरेकडे तोंड करून सायकलवर बसले. वयाची अट पस्तिशीच्या आतली. त्यांत मुलीही होत्या. १९८५ मध्ये घरातल्या मुलीला तीन-चार महिने सायकलवरून देश फिरायला पाठवणाऱ्या त्या आई-वडिलांचाही विचार करा. त्यांना किती जणांनी काय काय ऐकवलं असेल!

आता सुरुवातीच्या दिवसांकडे येऊ. हे दिवस समजायला त्या काळातली सायकल माहीत हवी. आजच्या मुलांना गिअरची, जाड टायरची सायकल माहीत असते. तेव्हाची सायकल म्हणजे आजोबांची काळी, उंच, मधली दांडी असलेली, जिच्यावर आपण कैची शिकलो ती. गिअर नाही. वजन वीस-बावीस किलो. मागे कॅरिअर, त्यावर वळकटी बांधायची. चढ आला की उठून पायडल मारायचं, आणखी चढ आला की उतरून ढकलायचं. उतारावर ब्रेकच्या गट्ट्यांवर भरवसा. अशा सायकलवर एक दिवस पन्नास किलोमीटर जाणं अवघड नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सीटवर बसणं अवघड आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी शिक्षिका नागपूरहून बुटीबोरी, जाम, नंदोरीवरून आनंदवनपर्यंत सायकलने गेलो होतो. जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेही गिअरच्या सायकलींवर आणि वाटेत मुक्काम करून. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर टेकताना तिघींच्याही तोंडून एकच आवाज निघाला. तळहात बधिर, मान आखडलेली, मांड्या दगड झालेल्या. जुने सायकलवाले सांगतात की पहिले चार-पाच दिवस शरीर भांडतं, मग गप्प होतं. लांबच्या प्रवासात सोडून द्यायचा विचार येतो तो याच दिवसांत. तेव्हा अजून ओळखी झालेल्या नसतात, आणि उरलेलं अंतर मोजण्यापलीकडचं वाटतं. कन्याकुमारीहून निघालेल्यांपुढे सुमारे पाच हजार किलोमीटर होते. नकाशावर बोट ठेवलं तर तिसऱ्या दिवशीही बोटाखालचं टोक सुटत नाही.

शिवाय भाषा. यात्रेत महाराष्ट्रातली मुलं पुष्कळ होती आणि प्रवास सुरू झाला तो देशाच्या दक्षिण टोकापासून. आपल्या मुलांना सवय अशी की हिंदीत बोललं की भागतं. तिथे पाटी वाचता येत नाही, दुकानदाराला मीठ मागता येत नाही. अशा वेळी माणूस हातवारे करतो, हसतो, आणि दोन दिवसांत तण्णी म्हणजे पाणी हे शिकतो. आंतरभारतीचा पहिला धडा पाण्याच्या शब्दापासून. पहिलीच्या वर्गात घरात वेगळी भाषा बोलणारं मूल येतं, गोंडी बोलणारं किंवा छत्तीसगढी बोलणारं, तेव्हा ते पहिल्या आठवड्यात नेमकं याच अवस्थेत असतं. आपल्याला ते मठ्ठ वाटतं. हा धडा मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.

शंभर माणसांची छावणी रोज हलवायची म्हणजे काय, हे गणिताच्या तासाला छान घेता येतं. माझ्या वर्गात मी घेतलं होतं. माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर शंभर जणांच्या एका जेवणाला पंधरा किलो. शंभर सायकली म्हणजे दोनशे टायर. प्रत्येक सायकल आठवड्यातून एकदाच पंक्चर होते असं धरलं तरी रोजची चौदा पंक्चर! एका पंक्चरला पंधरा मिनिटं धरली तर साडेतीन तास नुसतं सोल्युशन आणि हवा. हे आकडे आमच्या वर्गातले, त्यांच्या वहीतले नाहीत, पण यावरून मुलांना अंदाज येतो. दोन सायकलींत पाच मीटर अंतर ठेवलं तर रांग अर्धा किलोमीटर लांब होते. एका मुलाने विचारलं, मॅडम, मागच्याचं पंक्चर झालं हे पुढच्याला कसं कळणार? तेव्हा मोबाइल नव्हता. मी प्रश्न वर्गालाच परत दिला. शिट्टी, निरोप पुढे सरकवणं, शेवटी एक दणकट सायकलवाला ठेवणं, अशी उत्तरं आली. एक मुलगी म्हणाली की सगळ्यात हळू चालवणाऱ्याला सगळ्यात पुढे ठेवायचं, म्हणजे कुणी सुटणारच नाही. सहलीला रांग लावताना आपण काय करतो? उंचीप्रमाणे!

तिसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, बाबा ७१ वर्षांचे झाले. सोबतचा सर्वांत मोठा मुलगा त्यांच्या निम्म्या वयाचा. एकीकडे सीटवर बसून बसून दुखणं आलेले शंभर तरुण, आणि एकीकडे दीर्घकाळ बसताच न आलेला हा म्हातारा, त्याच रस्त्याचे खड्डे पाठीच्या मणक्यावर झेलत चाललेला. उतरला की उभा राहून बोलणार, पुन्हा आडवा. अंगात आनंदवनात विणलेल्या कापडाची पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी. असा म्हातारा सोबत असताना गुडघे दुखतात म्हणून परत जातो असं कोण म्हणणार? हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. नेता पुढे असतो हे आपण मुलांना शिकवतो. इथे नेता आडवा पडलेला होता आणि तरीही कुणाला तसं वाटलं नसेल.

पुढचा प्रवास मी भरभर सांगते. सायकली दक्षिणेतून वर सरकत गेल्या, गावोगावी लोकांना भेटत, मुक्काम करत, १९८६ मध्ये उत्तरेला पोचल्या. त्यातलं एक गणित मात्र वरच्या वर्गांनी करावं. आज कन्याकुमारी ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुमारे ३,७०० किलोमीटरचा आहे. यात्रेचं अंतर मोजलं गेलं ते पाच हजारांवर. म्हणजे तेराशेच्या आसपास किलोमीटर जास्त. गिअर नसलेल्या सायकलवर तेराशे किलोमीटर कुणी चुकून जास्त चालवत नाही. ते वाट वाकडी करून जास्त गावांना भेटले, म्हणून अंतर वाढलं. आपल्या शाळेतली मुलंही घरी सरळ रस्त्याने जात नाहीत, तेव्हा त्यांना हे गणित चटकन कळतं.

यात्रेने काय साधलं? हा प्रश्न एखादा पालक नक्की विचारेल, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. पंजाबातली हिंसा त्यामुळे थांबली नाही, ती पुढेही कित्येक वर्षं चालली. सायकली गेल्या त्या गावांमध्ये नंतर दंगल झालीच नाही, असंही कुणी म्हणू शकत नाही. टीका करणारे तेव्हाही होते. पण तुळशीरामही वाचला नव्हता. बाबांनी त्यावरून काम थांबवलं नाही. १९८८ मध्ये त्यांनी दुसरी यात्रा काढली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओखापर्यंत, सात हजार किलोमीटरांहून लांब. पहिली देशाची उंची, दुसरी देशाची रुंदी.

१९८६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, धरणात बुडणाऱ्या आदिवासींच्या बाजूने उभे राहायला, आणि त्याच प्रश्नावर त्यांनी आपले पद्म सन्मान सरकारला परत केले. यावर मतभेद असतील. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता देह आनंदवनाच्या मातीतच ठेवला. आज आपल्या वर्गात बसलेलं कुठलंही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. म्हणून बाबा त्यांना गांधीजी-टिळकांइतकेच जुने वाटतात, आणि सायकलवरच्या मुलींचं सांगितलं की एकदम जवळचे वाटू लागतात. विशेषतः आठवीपासून मानव विकासच्या सायकलवरून शाळेत येणाऱ्या आपल्या गावाकडच्या मुलींना. त्यातल्या एकीने मला विचारलं की त्या मुली आता कुठे असतील. मी हिशेब करून सांगितलं, साठीच्या पुढे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे माझ्या आजीएवढ्या.

उपक्रमासाठी एक सूचना. भारताचा मोठा कोरा नकाशा घ्या. कन्याकुमारी ते जम्मू एक रेघ आणि इटानगर ते ओखा दुसरी रेघ, पट्टीने, वेगळ्या रंगात. यात्रांचे खरे मार्ग असे सरळ नव्हते हे सांगून ठेवा. रेघा कुठे छेदतात ते मुलांना शोधू द्या, मध्य प्रदेश-राजस्थानच्या सीमेजवळ येईल. मग नागपूर शोधा. मग हिंगणघाट शोधा. हिंगणघाट त्याच लांबलचक महामार्गावर आहे, १९८५ मध्ये त्याला राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणत आणि तेव्हाही तो कन्याकुमारीलाच जाऊन संपायचा. बाबांच्या जन्मगावाच्या रस्त्यावर सायकल दक्षिणेकडे वळवली आणि वळण न घेता चालवत राहिलं तर कुठे पोचाल, हे मुलांना विचारा. आमच्या वर्गात पहिलं उत्तर आलं, मॅडम, आदिलाबाद. तेही बरोबरच आहे.